डोळ्यांची साक्ष कुठवर?

उन्हाळ्यातली दुपारची आमटी रात्री झाकण काढताच आपली हकिकत सांगते. वर बारीक फेस, डाळ आणि पाणी वेगवेगळं झालेलं, पळी बुडवून उचलली की मागे तार. अशा वेळी कुणी वाद घालत नाही. भांडं सरळ रिकामं होतं. कोथिंबिरीची जुडी बुळबुळीत झाली, बटाट्याची भाजी बोटांना चिकटली, लोणच्यावर पांढरा थर धरला, रव्यात जाळी झाली, की काय करायचं हे घरात लहानांनाही ठाऊक असतं. या खुणा पिढ्यानपिढ्या चालत आल्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक खऱ्या आहेत. अडचण वेगळीच आहे. ‘हे बिघडलंय का?’ आणि ‘हे खाल्लं तर बाधेल का?’ हे दोन निराळे प्रश्न आहेत. डोळे आणि बोटं पहिल्याचं उत्तर चांगलं देतात. दुसऱ्याचंही उत्तर त्यांच्याकडूनच घ्यायची आपल्याला सवय आहे, आणि घरातली बरीचशी विषबाधा याच सवयीमुळे होते.

आधी खुणा कशानं उमटतात ते पाहू. अन्न नासवणारे जंतू आणि माणसाला आजारी पाडणारे जंतू बहुतांशी वेगळे असतात. फ्रिजमधल्या मटणा-चिकनवर जो चिकटा येतो तो प्रामुख्यानं स्यूडोमोनास नावाच्या, थंडीतही मजेत वाढणाऱ्या जंतूंचा. दर चौरस सेंटिमीटरवर त्यांची संख्या साधारण एक कोटीवर गेली की वास जाणवतो आणि दहा कोटींच्या आसपास बोटाला बुळबुळीत थर लागतो. भाज्यांमध्ये पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं पेक्टिन असतं. काही जंतू तेच विरघळवतात, म्हणून टोमॅटो किंवा बटाटा आतून पाणी होऊन बसतो. म्हणजे हाताला जे लागतं ती फार मोठ्या संख्येनं केलेल्या कामाची परिणती असते.

आजार घडवणाऱ्या जंतूंना एवढा गाजावाजा करावा लागत नाही. साल्मोनेला अंड्याच्या आत, अखंड कवचात असू शकतो. बलक पिवळाजर्द, पांढरं घट्ट. अंडं पाण्यात टाकून पाहण्याची युक्ती त्याचं वय सांगते, कारण दिवस जातील तशी आतली हवेची पोकळी वाढते आणि अंडं वर येतं. साल्मोनेलाबद्दल ती काहीच सांगत नाही. दक्षिण आफ्रिकेत 2017-18 मध्ये लिस्टेरियाची जी साथ आली, तिचं मूळ ‘पोलोनी’ या तयार मांसाच्या पदार्थात सापडलं. हजाराहून अधिक लोकांना बाधा झाली आणि दोनशेहून अधिक दगावले. असा जंतू असला म्हणून पदार्थाला चिकटा किंवा वास येतोच असं नाही. लिस्टेरिया फ्रिजच्या चार अंशांतही वाढतो, त्यामुळे ‘फ्रिजमध्ये होतं आणि छान दिसतंय’ ही दुहेरी खात्रीही तिथं पुरी पडत नाही.

माशांच्या बाबतीत मात्र डोळ्यांची विद्या खरोखर शास्त्राला जाऊन भिडली आहे. कोळणीच्या पाटीपुढे बसलेली जाणकार बाई काय बघते? डोळे फुगीर आणि चकचकीत की आत गेलेले, दुधाळ; कल्ला उचलल्यावर आत लालभडक की तपकिरी; अंगठ्यानं दाबल्यावर मांस वर येतं की खळगा राहतो; पोट घट्ट की फुटलेलं. हेच सारं टास्मानियातल्या संशोधकांनी 1980 च्या दशकात गुणपत्रिकेत बसवलं. ‘क्वालिटी इंडेक्स मेथड’ असं तिचं नाव. प्रत्येक खुणेला दोषाचे गुण द्यायचे, अगदी ताज्या माशाला शून्य. जातीगणिक तक्ता वेगळा. गंमत अशी की या गुणांची बेरीज बर्फातल्या दिवसांबरोबर जवळजवळ सरळ रेषेत वाढते, त्यामुळे नुसतं बघून आणि दाबून मासा किती दिवस बर्फात आहे हे सांगता येतं. यामागची कारणंही आता स्पष्ट आहेत. मेल्यावर मासा आधी ताठरतो, मग त्याच्याच अंगातली विकरं मांस सैल करतात. पोटातले पाचक रस पोटाची भिंत खातात, म्हणून बांगडा आणि तारली यांचं पोट लवकर फुटतं. तिसऱ्या घेताना तर पाहायचा असतो थेट जिवंतपणा: उघडी शिंपली टिचकी मारल्यावर मिटली पाहिजे.

आणि याच पाटीत या विद्येची हद्दही दिसते. बांगडा, सुरमई, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडिन भरपूर असतं. मासा पकडल्यावर काही तास उन्हात किंवा गरम डेकवर पडून राहिला तर जंतू त्याचं हिस्टामिन करतात. मग तो बर्फात गेला, बाजारात आला, तरी दिसायला ठीकठाक असू शकतो. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगाला खाज सुटते. लोक म्हणतात, ‘मला बांगड्याची अ‍ॅलर्जी आहे.’ पुष्कळदा ती अ‍ॅलर्जी नसते, त्या दिवशीच्या बांगड्याची करणी असते. तळून, उकळून, गोठवून हिस्टामिन जात नाही. चुलीवर कितीही कढवलेलं तिखलं इथं निरुपयोगी.

त्याहून वाईट म्हणजे चांगलं दिसणं विकतही घेता येतं. 2018 च्या जुलैत गोव्यात बाहेरून येणाऱ्या मासळीत फॉर्मॅलिन असल्याच्या संशयावरून मोठं वादळ उठलं, सरकारला परराज्यांतल्या मासळीवर काही काळ बंदी घालावी लागली. त्याच सुमारास केरळात ‘ऑपरेशन सागर राणी’ या तपासणी मोहिमेत असाच माल पकडला गेला. फॉर्मॅलिन प्रथिनांना घट्ट बांधून टाकतं. मासा ताठ राहतो, माश्या फिरकत नाहीत, अंगठा दाबला तर मांस दगडासारखं. जी खूण शतकानुशतकं ताजेपणाची होती तीच लबाडीची झाली. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं फॉर्मॅलिन आणि अमोनिया ओळखणाऱ्या कागदी पट्ट्या तयार केल्या त्या यामुळेच. गुळाचंही तसंच आहे. पिवळाधमक गूळ पाहून हरखणाऱ्या गिऱ्हाईकासाठी रसात रंग उजळवणारी हायड्रोस पावडर पडते, आणि काळपट, साधा गूळ दुकानात मागे सरकतो. यात दुकानदाराइतकाच दोष आपल्या डोळ्यांच्या हौसेचाही आहे.

आता भाताकडे येऊ, कारण माझ्या मते या सगळ्या प्रश्नातलं सगळ्यात मराठी प्रकरण तेच आहे. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात आणि भात शिजवताना ते मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि सेरियुलाइड नावाचं विष सोडतात. हे विष 121 अंश तापमानातही टिकतं. खाल्ल्यानंतर अर्ध्या ते सहा तासांत उलट्या, साधारण दिवसभरात माणूस बरा. बहुतेकांची गोष्ट एवढ्यावरच संपते, पण सगळ्यांची नाही: 2008 मध्ये ब्रुसेल्समधला वीस वर्षांचा एक विद्यार्थी पाच दिवस ओट्यावर राहिलेली स्पॅगेटी गरम करून खाल्ल्यावर त्याच रात्री दगावला. जंतू तोच होता.

भाताशी याचा संबंध पहिल्यांदा 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये, चिनी उपाहारगृहांतल्या फ्राइड राइसच्या निमित्तानं पुढे आला. तिथले आचारी उकडलेला भात फ्रिजमध्ये ठेवत नसत. का? तर गार भाताचे गोळे होतात, शितं मोकळी राहत नाहीत. म्हणजे पदार्थाचा पोत चांगला राहावा म्हणून जे केलं जात होतं त्यातूनच विष तयार होत होतं. आपल्या फोडणीच्या भाताची हकिकत याहून फार वेगळी नाही. रात्रीचा भात सकाळी कोरडा, सुटसुटीत झाला की तो फोडणीला उत्तम. आंबूस वास नाही, तार नाही, शीत न्‌ शीत वेगळं. ‘आंबला असता तर कळलं असतं’ असं म्हणून आपण मोहरी तडतडवतो. पण आंबणं हे दुसऱ्याच जंतूंचं काम आहे. उलट ओडिशातल्या पखाळसारखा पाण्यात नीट आंबवलेला भात आम्लतेमुळे या जंतूला अवघडच जातो. फोडणीचा भात खाऊन रोज लाखो लोक ठणठणीत राहतात हे खरं. रात्र गार असते, भात थोडा असतो, विष तयार होण्याइतका वेळ आणि ऊब मिळत नाही. मे महिन्यात मोठ्या पातेल्यात झाकून ठेवलेला लग्नघरातला भात हे निराळं प्रकरण आहे. स्टॅफिलोकॉकस नावाच्या जंतूचं विषही याच जातीचं. जंतू आचाऱ्याच्या हातावरून बासुंदीत, खव्यात उतरतात, त्यांचं विष उकळूनही राहतं आणि बासुंदीच्या रंगात-दाटपणात काडीचा फरक पडत नाही.

दूध त्या मानानं प्रामाणिक. ताज्या दुधाचा सामू 6.6 ते 6.7 असतो, आम्लता वाढत तो 4.6 पर्यंत उतरला की ते थंडपणीच फाटतं. त्याच्या अलीकडच्या अवस्थेत ते पातेल्यात साधं दिसतं आणि तापवताच फाटतं. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर हीच गोष्ट परीक्षानळीत केली जाते: थोडं दूध उकळायचं, गुठळी झाली तर परत. घरातल्या सावध बायका शंका आली की वाटीभर दूध आधी तापवून बघतात, ती कसोटी अगदी पक्की आहे. एक मात्र लक्षात ठेवावं. पाश्चराइज्ड दूध पिशवीत फार दिवस राहिलं तर आंबट न होता, जंतूंच्या विकरांमुळे कडवट होऊन फाटतं. आंबटपणानं फाटलेल्या ताज्या दुधाचं पनीर करणं समजू शकतो; कडवट फाटलेल्याचं करू नये.

डोळा कुठं चालतो आणि कुठं नाही याचं एक सूत्र मला या सगळ्यात दिसतं. पदार्थ अखंड आणि कच्चा असतो तोवर तो पुष्कळ बोलतो. दळला, कुटला, तळला की पुरावा नष्ट. भगरीचं उदाहरण घ्या. नवरात्र, एकादशी, महाशिवरात्र आली की भगरीतून विषबाधेच्या बातम्या, विशेषतः मराठवाड्यातून, वर्षामागून वर्षं येतात. भगर हवेतली ओल चटकन धरते, तिच्यावर अ‍ॅस्परजिलस वर्गातली बुरशी वाढते आणि फ्युमिगाक्लेविनसारखी विषं तयार होतात. मग उलट्या, चक्कर, अंगाला कंप. राज्याचं अन्न व औषध प्रशासन दर वेळी सांगतं की सुटी भगर घेऊ नका, तयार पीठ तर नकोच, निवडून धुऊन घरी लागेल तेवढीच दळा. या सल्ल्याचं मर्म दळण्यात आहे. अख्ख्या दाण्यावरची काजळी, गुठळ्या, बुरसट रंग सुपात दिसतो. पिठात तो कुठे शोधणार? नवरात्र येतं तेही पावसाळ्याच्या शेपटाला, जेव्हा दुकानातल्या पोत्यांनी चार महिने दमट हवा प्यायलेली असते.

शेंगदाण्याचं असंच. बुरशीतून येणारं अफ्लाटॉक्सिन जगाला कळलं ते 1960 मध्ये, इंग्लंडमध्ये शेंगदाण्याची पेंड खाऊन एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले तेव्हा. आपल्याकडे 1974 मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत पावसानं भिजलेला बुरशीचा मका खाऊन यकृताचा आजार पसरला. नोंदल्या गेलेल्या 397 रुग्णांपैकी 106 दगावले. तो मका बुरसटलेला दिसत नव्हता असं नाही. घरात दुसरं धान्य नव्हतं. डोळ्यांना दिसूनही पोटाला पर्याय नसतो, ही गोष्ट अशा चर्चांत सोयीस्करपणे गाळली जाते. अफ्लाटॉक्सिन मायक्रोग्रॅममध्ये मोजावं लागतं आणि भाजल्यानं पुरतं जात नाही. पण ते सगळ्या दाण्यांत सारखं पसरलेलं नसतं, मूठभर सुरकुतलेल्या, काळपट, बुरसट दाण्यांत एकवटलेलं असतं. म्हणून परातीत दाणे पसरून वाईट तेवढे निवडून टाकणं हे आजही अतिशय परिणामकारक काम आहे. कूट विकत आणलं की ते दार बंद. लाल तिखटाचंही तेच: अख्ख्या मिरचीचा देठाकडचा बुरा दिसतो, पुडीत सगळं लालच. बाजरीवरच्या अर्गट या विषारी बुरशीसाठी तर शेतकऱ्यांकडे डोळ्यांहूनही सरस युक्ती आहे. वीस टक्के मिठाच्या पाण्यात बाजरी टाकली की अर्गटचे हलके दाणे वर तरंगतात, ते काढून जाळायचे आणि तळाची बाजरी धुऊन वाळवायची.

बुरशी दिसल्यावर किती टाकायचं, हा घरोघरचा वाद. पावाचा हिरवा ठिपका कापून उरलेला खाणं चूक, कारण बुरशीचे तंतू मऊ पदार्थात दूरवर गेलेले असतात आणि आपल्याला दिसते ती फक्त वरची पावडर. दही, जॅम, शिजलेली भाजी, पोळी यांनाही हाच न्याय. गाजर किंवा कडक चीज यांसारख्या घट्ट पदार्थांत तंतू खोल जात नाहीत. डागाभोवती इंचभर जास्त कापून बाकीचं वापरता येतं. नाशिकच्या चाळीतून आलेल्या कांद्यावरची काळी भुकटी वरचे पापुद्रे काढून, धुऊन टाकली की आतला कांदा चालतो. आत मऊ पडलेला असेल तर नाही.

उलट बाजूनं, डोळे आपल्याला उगाचही घाबरवतात. मधात साखर धरली, थंडीत खोबरेल थिजलं, तूप कणीदार झालं, दह्याला पाणी सुटलं, चिरलेलं वांगं काळं पडलं, लोणच्यातला लसूण हिरवा-निळा झाला, केळ्यावर ठिपके आले, मटणाचा लाल रंग तपकिरी झाला: यातलं काहीही बिघडणं नव्हे. हिरवा पडलेला बटाटा मात्र गंभीरपणे घ्यावा. हिरवेपणा हरितद्रव्याचा असतो, पण त्याच्याबरोबर सोलानिन हे विषारी द्रव्यही वाढलेलं असू शकतं, आणि ते शिजवून जात नाही. आणि हापूसमधला साका? बाहेरून फळ केशरी, सुवासिक, निर्दोष. कापल्यावर आत पांढुरका स्पंज. तो बाधत नाही, पण हजारो रुपयांच्या पेटीत बाहेरून तो कुणालाच दिसत नाही. त्यावर उपाय निघाला तो डोळ्यांनी पारखण्याचा नव्हे, साका न धरणाऱ्या जातींचा. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं 1981 मध्ये दिलेली ‘रत्ना’ ही त्यातली.

कुठली तार वाईट हेही शेवटी कोण कुठे जेवतो यावर ठरतं. पावाला आतून तार सुटली तर ती बॅसिलस सबटिलिसची, पाव फेकायचा. जपानमध्ये त्याच जातीच्या जंतूनं सोयाबीनला भरपूर तार आणली की तिला नट्टो म्हणतात आणि तार जितकी लांब तितका नट्टो चांगला. आपल्या इडलीच्या पिठाचा फसफसाटही आमटीत दिसला तर आपण दचकतो. म्हणून मी म्हणेन की पोत ‘वाईट’ असण्यापेक्षा ‘अपेक्षेबाहेरचा’ असणं ही खरी धोक्याची खूण.

मग भरवसा कशावर ठेवायचा? छापील तारखेवर म्हणावं, तर तिथंही दोन प्रकार आहेत. ‘यापूर्वी उत्तम’ ही तारीख चवीची आणि पोताची हमी देते, ती उलटली म्हणून बिस्किट विषारी होत नाही. ‘यापूर्वी वापरा’ ही सुरक्षिततेची. दुकानातल्या सुट्या मिठाईसमोरही ‘यापूर्वी उत्तम’ची तारीख लावणं एफएसएसएआयनं 1 ऑक्टोबर 2020 पासून बंधनकारक केलं, किती दुकानांत ती पाटी दिसते ते वाचकांनी आपापल्या गल्लीत पाहावं. ब्रिटनमध्ये वारा उलटा आहे. तिथल्या मॉरिसन्स या दुकानसाखळीनं 2022 मध्ये आपल्या बहुतेक दुधावरची ‘यापूर्वी वापरा’ तारीख काढून टाकली आणि लोकांना वास घेऊन ठरवायला सांगितलं, कारण चांगलं दूध तारखेच्या धाकानं मोरीत जात होतं. दोन्ही निर्णय मला बरोबर वाटतात. दूध नाकाशी खोटं बोलत नाही. खव्याची बर्फी बोलू शकते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या हिशेबानं 2022 मध्ये जगात 105 कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातला मोठा वाटा घरांचा होता; उगाच टाकण्यालाही किंमत आहेच.

खरी माहिती हवी ती त्या पदार्थाच्या इतिहासाची: कधी शिजला, किती वेळ कोमट होता. पोलिओच्या डोसच्या कुपीवरचा रंग बदलणारा चौकोन 1996 पासून हेच काम करतो. लस किती ऊब सोसून आली ते तो सांगतो. अन्नाच्या वेष्टनांसाठीही अशी लेबलं निघाली आहेत, पण ती आपल्या पातेल्यापर्यंत आलेली नाहीत. गोठवलेल्या मटारचा एकच गठ्ठा किंवा आइस्क्रीममधले खडे मात्र असा इतिहास सांगतात, की वाटेत वीज गेली होती. वेळेची कसोटी तशी नवी नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायातल्या तामस आहाराच्या यादीत पहिला उल्लेख प्रहर उलटून गेलेल्या अन्नाचा आहे, असा अर्थ अनेक भाष्यकार लावतात. वास सुटलेल्या अन्नाचा क्रम त्यानंतर लागतो.

तेव्हा एवढं करावं. शंकेचा पदार्थ ‘जरासा चाखून’ बघू नये, फुगलेल्या सीलबंद डब्यातला तर मुळीच नाही. तिथं वाढणाऱ्या बोटुलिनम जंतूच्या विषाला ते ‘जरासं’ पुरतं. डब्यावर कागदाची पट्टी लावून वार आणि वेळ लिहावी आणि झाकण उघडण्याआधी ती वाचावी. भात दोन तासांच्या आत, विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात तासाभरात, पसरट भांड्यात गार करून फ्रिजमध्ये गेला पाहिजे. आणि तो रात्रभर ओट्यावरच राहिला असेल, तर सकाळी कितीही मोकळा दिसला तरी त्याला फोडणी घालू नये.